४७ ची शेवरलेट, २१६ चं इंजिन: दोन कार्ब लावू का?

दिवेघाट_४७

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

घरात १९४७ ची शेवरलेट फ्लीटमास्टर आहे. आजोबांनी घेतली, काकांनी दामटली, मग कोथरूडच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली अठरा वर्षं उभी राहिली आणि शेवटी माझ्या गळ्यात पडली. इंजिन मूळचंच, २१६ क्युबिक इंचाचं सहा सिलिंडर. कार्बोरेटर (म्हणजे कार्ब, हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) कार्टर डब्ल्यू-१, एकनळी. तीन वर्षांपूर्वी इंजिन उतरवून रिंगा आणि व्हॉल्व्ह केले.

गावात गाडी छान चालते. घाटात मात्र दम तोडते. गेल्या महिन्यात पनवेलहून लग्न आटपून जुन्या रस्त्याने वर येत होतो. खोपोली सोडली आणि पाचेक मिनिटांत पिकअप गेला. दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत शिंग्रोबाच्या देवळापर्यंत आली, तिथे मिसिंग, आणि मग ठप्प. बॉनेट उघडलं तर पेट्रोल पंपाच्या काचेच्या वाटीत बुडबुडे नाचत होते. ओलं फडकं टाकून वीस मिनिटं बसलो. बायकोने देवाला नाणं वाहिलं, मी सेल्फ मारला, चालू. श्रेय कोणाला यावर घरात अजून वाद आहे.

एका गॅरेजवाल्याचं म्हणणं, "साहेब, कार्ब छोटा पडतोय, इंजिनाला हवा पुरत नाही." त्यामुळे सध्या डोक्यात तीन गोष्टी आहेत:

ऑफेनहाऊजरचा दोन कार्बचा इनटेक मॅनिफोल्ड (कार्बमधून सिलिंडरकडे नेणारा नळ), सोबत फेंटनचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारे). किंवा मूळ मॅनिफोल्डवर अडॅप्टर टाकून वेबर ३२/३६ कार्ब. किंवा मित्राच्या सल्ल्याप्रमाणे जीपचा सोलेक्स कार्ब ठोकून मोकळं व्हायचं.

मॅनिफोल्ड अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकाबरोबर मागवायचा आहे, म्हणून निर्णय महिनाभरात हवा. काय करू?

डबल_बॅरल

विचारायचं काय त्यात! दोन कार्ब आणि फेंटन. त्या इंजिनाचा फाटलेला आवाज एकदा ऐकलात की घाटबिट विसराल. पहिल्या कॉर्व्हेटमध्ये, १९५३ ला, याच घराण्यातलं सहा सिलिंडर होतं आणि त्यावर तीन कार्ब होते. दीडशे हॉर्सपॉवर! फोटो टाकायला विसरू नका.

नानापेठेतला

@दिवेघाट_४७, राग मानू नका. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं चाललंय तुमचं.

गाडी थंड असताना छान, गावात छान, तापली की मरते, फडकं टाकलं की जगते. यात कार्ब छोटा असल्याची खूण कुठे आहे? छोटा कार्ब सकाळीही छोटाच असतो ना. इंजिन ताज्या दमाचं असतानाही वरच्या रेसला गुदमरलं असतं.

पैसे खर्च करण्याआधी एवढं सांगा. सहाही सिलिंडरचं कम्प्रेशन. मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावून स्लोवर (अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता) काटा कुठे राहतो. सहा प्लग काढून ओळीने ठेवा आणि रंग सांगा. आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या मधोमध वजन लटकवलेली एक छोटी दांडी असते, बाजूला घड्याळाच्या कमानीसारखी स्प्रिंग असते, ती दांडी हाताने हलते का बघा. इंजिन थंड असताना बघा, नाहीतर बोटाचं भरीत.

भवानी पेठेत वडिलांच्या गॅरेजात ही इंजिनं ट्रकवर बघितली आहेत. शेवरलेटचे ट्रक तेव्हा शिवडीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात जुळायचे. १९५४ ला तो बंद झाला, तरी पुढे वीस वर्षं ही इंजिनं मार खात होती. ऐंशी टक्के वेळा कार्बचा दोष नसायचा. (ऐंशी हा आकडा माझ्या अंगठ्यावरून काढलेला आहे, भांडू नका.)

भोसरी_मिलिंग

नानांना अनुमोदन. मी मशीन शॉप चालवते, घरी माझ्या सासऱ्यांची ५४ ची शेवरलेट आहे, त्यामुळे या मॅनिफोल्डांशी जुनं वैर आहे. थोडं गणित करू.

२१६.५ क्युबिक इंच म्हणजे साधारण ३.५५ लिटर. फोर स्ट्रोक असल्याने दोन फेऱ्यांत एकदा एवढी हवा ओढणार. या इंजिनाची ९० हॉर्सपॉवर मिळते ३३०० आरपीएमला. तेव्हा मिनिटाला ३.५५ गुणिले १६५०, म्हणजे ५८५० लिटरच्या आसपास. पण सिलिंडर कधीच पूर्ण भरत नाही. या हेडला ७५ टक्के म्हणजे खूप झालं. राहिले ४४०० लिटर, कार्बच्या भाषेत १५५ सीएफएम (मिनिटाला घनफूट). एवढं तर तो डब्ल्यू-१ करतोच, त्याच्यासाठीच तर बनवलाय.

आता हेड बघा. सिलिंडर सहा, पण इनटेकची भोकं तीनच. १-२ ला एक, ३-४ ला एक, ५-६ ला एक. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. कागदावर मांडलंत तर गंमत दिसेल: मधल्या जोडीतले ३ आणि ४ बरोबर ३६० अंशांनी आळीपाळीने श्वास घेतात, गुण्यागोविंदाने. पण १-२ आणि ५-६ या टोकाच्या जोड्यांत एकाचं आटपतं न आटपतं तोच २४० अंशांवर दुसऱ्याचं सुरू, आणि त्यानंतरची पाळी थेट ४८० अंशांनी. म्हणजे एकाच नळावर दोन बिऱ्हाडं, आणि दोघांना पाणी सकाळी सहालाच हवं. वर टाक्या कितीही बसवा, नळ तेवढाच राहतो.

दोन कार्ब लावले की प्रत्येकातून निम्मीच हवा जाते. व्हेंचुरीतून (कार्बच्या अरुंद गळ्यातून) हवा जोरात गेली तरच जेटमधून पेट्रोल वर ओढलं जातं. हवा मंदावली की मेन जेट उशिरा जागा होतो आणि खालच्या रेसला खड्डा पडतो. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये तुम्ही असता नेमके त्याच रेसला!

@डबल_बॅरल, कॉर्व्हेटचं खरं आहे, पण अर्धं. तीन आडवे कार्टर होतेच, सोबत कम्प्रेशन रेशो ८ होता, वेगळा कॅमशाफ्ट होता, दोन सायलेन्सर होते, आणि इंजिन २३५ चं होतं. ४७ च्या २१६ चा रेशो ६.५.

नानापेठेतला

आणि मोठी गोष्ट राहिली, ताई. २१६ च्या कनेक्टिंग रॉडला दाबाखाली ऑइल जात नाही. रॉडच्या बुडाला पळीसारखा चमचा असतो, तो खालच्या पन्हाळीतलं ऑइल उडवत उडवत स्वतःची सोय करतो. बेअरिंग व्हाइट मेटलचं, ओतीव. त्याला साडेतीन हजाराच्या वर नेऊन धरलंत की एक दिवस खालून टकटक सुरू होईल, आणि पुण्यात व्हाइट मेटल ओतून बोअर करणारे हात आता बोटावर मोजण्याइतके. श्वास वाढवून काय करणार, पळायचीच सोय नाही.

५४ पासूनच्या २३५ ला रॉडपर्यंत दाबाचं ऑइल आणि शेलचं बेअरिंग. तिथे दोन कार्बचा शौक परवडतो.

डबल_बॅरल

दोघांनी मिळून धुतलं की राव 😀 मान्य. पण आवाजाचं काय?

भोसरी_मिलिंग

आवाज एक्झॉस्टचा असतो, कार्बचा नाही. फेंटन लावायचे तर खुशाल लावा. पण मूळ इनटेक एक्झॉस्टच्या डोक्यावर बसतो, तिथून तळाला ऊब मिळते आणि पेट्रोलचे थेंब वाफ होऊन सगळ्यांना सारखे वाटले जातात. फेंटन लावले की ती ऊब गेली. मग डिसेंबरात सकाळी नऊ-दहा डिग्रीला गाडी चोक ओढूनही पहिली पाच मिनिटं खोकत राहते. बाहेर लोक इनटेकच्या खाली रेडिएटरचं गरम पाणी फिरवतात. तेवढी हौस असेल तर करा.

खडकवासला_बॅकवॉटर

वेबर ३२/३६ चा अनुभव सांगतो, माझा २३५ वर आहे. कार्ब गुणी आहे. आधी ३२ ची नळी एकटी काम करते, पाय दाबला की ३६ ची उघडते, म्हणून खालचा खड्डा पडत नाही. पण अडॅप्टरमुळे उंची वाढते, मूळचा एअर क्लीनर बसत नाही. शेवरलेटचं अ‍ॅक्सिलरेटर दांड्यांचं, वेबर मागतो केबल, तिथे दोन रविवार गेले. आणि त्याला तीन-साडेतीन पाउंडांपेक्षा जास्त दाबाचं पेट्रोल चालत नाही. हौसेने इलेक्ट्रिक पंप लावला होता, सुई उचलली जाऊन ओव्हरफ्लो, सिग्नलला उभं राहिलं की मागचा स्कूटरवाला "काका, पेट्रोल गळतंय!"

फरक? स्टार्टिंग मस्त. घाटात थोडासा. पैशाच्या मानाने थोडासाच.

दिवेघाट_४७

सगळ्यांचे आभार, विशेषतः ज्यांनी धुतलं त्यांचे. शनिवारी मेव्हण्याला घेऊन बसलो. रिपोर्ट:

कम्प्रेशन (पाउंडांत) १०८, ११०, १०६, १०९, १०४, १०५.

व्हॅक्यूम स्लोवर १३ इंच, काटा स्थिर. पुस्तकात १८ ते २१ लिहिलंय. इंजिन गेलं का?

प्लग १ ते ४ कॉफीच्या रंगाचे. ५ आणि ६ पांढरे, खडूसारखे.

ती दांडी: हलत नाही. म्हणजे अजिबात नाही. हातोडीच्या दांड्याने टिचकी मारली, वजन हललं नाही, मेव्हणा हलला.

नानापेठेतला

शाबास! आता बोलतंय इंजिन.

कम्प्रेशन उत्तम, इंजिन कुठे जात नाही. व्हॅक्यूमचं पुस्तक समुद्रसपाटीचं आहे. पुणं ५६० मीटरवर. हजार फुटाला एक इंच सोडायचा, म्हणजे आपल्याकडे पावणेदोन-दोन इंच कमीच दिसणार. पुण्यात १६ ते १९ म्हणजे निरोगी. अमेरिकन व्हिडिओ बघून पोरं १६ ला घाबरतात आणि चांगली इंजिनं उघडतात. पण तुमचं १३, म्हणजे तीन इंच कुठेतरी जातायत. काटा थरथरत नाही, म्हणून व्हॉल्व्हवर संशय नको. एकतर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे आहे, नाहीतर फुकटची हवा आत जातेय. ५-६ पांढरे, म्हणजे हवा मागच्या भोकापाशी.

आणि ती दांडी. आत एक झडप असते. थंड असताना एक्झॉस्टचा जाळ इनटेकच्या बुडाला वळवायचा, इंजिन तापलं की स्प्रिंग सैल होऊन झडप फिरते आणि जाळ थेट सायलेन्सरकडे. अठरा वर्षं उभी राहून ती बंद बाजूला गंजली. म्हणजे तुम्ही कार्बखाली शेगडी पेटवून बोरघाट चढताय. वरून आजचं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं, वाटीत उकळलं नाही तरच नवल.

रविवारी दोन कामं करा. तुमच्या मॉडेलला गिअर बदलायला व्हॅक्यूमची मदत असते, स्टिअरिंगच्या दांड्याजवळ तो डबा असेल. त्याची रबरी नळी चिमटीत धरा. रेस बदलली तर आतला पडदा फाटलाय. बदलली नाही तर पुढे. साध्या पाण्याची पिचकारी घ्या, इंजिन चालू, मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यावर एकेका ठिकाणी बारीक धार. जिथे रेस बदलेल तिथे चोर. पेट्रोल मारू नका, मॅनिफोल्ड तापलेला असतो आणि मेव्हणे परत मिळत नाहीत.

पर्जन्यराजा

अवांतर: काका, ४७ ला वायपर पण व्हॅक्यूमवरचे ना? आमच्या मामांच्या गाडीत पावसात चढावर पाय दाबला की वायपर झोपायचे, पाय उचलला की फटाफट. खंडाळ्यात मामा दोन सेकंद पळायचे, एक सेकंद बघायचे. मामी रामरक्षा म्हणायच्या.

दिवेघाट_४७

@पर्जन्यराजा, हुबेहूब. मला वाटायचं वायपरची मोटर गेली.

रविवार झाला. गिअरची नळी दाबली, काही फरक नाही. मग पिचकारी. पुढच्या सांध्यावर काही नाही, मधल्यावर काही नाही. मागच्या भोकाच्या खालच्या कडेला धार लागली आणि पाणी दिसेनासं झालं. खाली ओघळलंच नाही, फट ते पिऊन टाकत होती. इंजिनाचा सूर क्षणभर खाली आला, गेजचा काटा १३ वरून १५ ला टेकला आणि परत आला. मी चार वेळा केलं, फक्त बघायला. मेव्हण्याने पाचव्यांदा केलं.

संध्याकाळी मॅनिफोल्ड उतरवले. पॅकिंग मागच्या बाजूला काळं, जळकं. आणि पुढच्या दोन भोकांत एकेक लोखंडी कडी आहे, मागच्यात नाही. ती असायला हवी का?

भोसरी_मिलिंग

हवीच! ती कडी अर्धी हेडमध्ये, अर्धी मॅनिफोल्डमध्ये बसते, म्हणून सांधा सरळ रेषेत राहतो. इंजिन केलं तेव्हा कोणीतरी हरवली आणि गप्प बसलं. आहे त्यातल्या एका कडीचं आतलं, बाहेरचं माप आणि रुंदी व्हर्नियरने घेऊन पाठवा, मी लेथवर काढून देते.

इनटेक आणि एक्झॉस्ट वेगळे करू नका, तसेच घेऊन या. तोंडं एकत्रच फेस (घासून सपाट) करावी लागतात.

दिवेघाट_४७

ताई, मंगळवारी येतो. जुन्या बाजारात एकाकडे डब्ल्यू-१ चा सांगाडा दिसलाय, जेटसाठी घेऊन ठेवू का?

खडकवासला_बॅकवॉटर

घ्या, पण आधी बटरफ्लायची दांडी धरून हलवून बघा. खडखड वाजली तर तिथूनही हवा खेचतो, बुश टाकावं लागेल. आणि मीटरिंग रॉड आहे का बघा, तोच नेमका गायब असतो.

भोसरी_मिलिंग

@दिवेघाट_४७ चे मॅनिफोल्ड टेबलावर घेतले. सरळपट्टी लावली तर मागच्या तोंडाखाली ०.६ मिलिमीटरची फीलर (फट मोजायची पट्टी) आरामात गेली. पॅकिंग बिचारं काय करणार! तिन्ही इनटेक आणि चारही एक्झॉस्ट तोंडं एका सेटिंगमध्ये फेस केली. झडपेची दांडी दोन दिवस ऑइलमध्ये भिजवून, तापवून, थोड्या शिव्या घालून मोकळी केली. आता बोटाने फिरते.

बसवताना क्रम चुकवू नका. इनटेक आणि एक्झॉस्टला जोडणारे मधले बोल्ट आधी सैलच ठेवायचे. मग दोन्ही मिळून हेडवर बसवायचे, मधून बाहेरच्या बाजूला घट्ट करत जायचं, आणि मधले बोल्ट सगळ्यात शेवटी. आधी मधले आवळलेत तर तोंडं वाकडी बसतात. बहुतेक तुमच्या आधीच्या गॅरेजने तेच केलं असावं.

नानापेठेतला

बसवून झालं की टायमिंग बघा. फ्लायव्हीलच्या खिडकीत एक छर्रा बसवलेला दिसेल, काटा त्याच्याशी जुळवा, मग डिस्ट्रिब्युटरच्या ऑक्टेन सिलेक्टरने एकेक घर पुढे घ्या. ४७ च्या पेट्रोलपेक्षा आजचं बरंच वरच्या ऑक्टेनचं आहे, थोडं पुढे झेपेल. चढावर टॉपमध्ये पाय दाबल्यावर खडे पडल्यासारखा आवाज आला की एक घर मागे.

जेटचं म्हणाल तर नुसत्या पेट्रोलला जळायला १४.७ पट हवा लागते, वीस टक्के इथेनॉलवाल्याला साडेतेराच्या आसपास. म्हणजे मूळचा जेट आता जरासा उपाशी. पण ते फुकटची हवा बंद झाल्यावर बघू, प्लगचा रंग सांगेल. पंपाचा पडदा, कार्बच्या पंपाचं चामडं आणि सगळ्या रबरी नळ्या मात्र इथेनॉलला टिकणाऱ्या टाका. गाडी दोन महिने उभी ठेवणार असाल तर वाटी रिकामी करून ठेवा.

आरटीओ_वारीकर

एक कागदोपत्री मुद्दा. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. पुढेमागे तो विचार असेल तर मूळचा मॅनिफोल्ड आणि कार्ब भंगारात देऊ नका. आमच्या ओळखीत एकाने दिला आणि आता तोच मुंबईच्या चोरबाजारात शोधत फिरतोय.

दिवेघाट_४७

गाडी रस्त्यावर आहे.

स्लोवर व्हॅक्यूम साडेसतरा. पहिल्या दिवशी स्क्रू फिरवून स्लो कमी करावा लागला, इतकी रेस आपोआप चढली.

काल मुद्दाम दुपारी एकला दिवे घाट चढलो. हडपसरपर्यंत ट्रॅफिकमध्ये तापवून घेतली, खाली थांबलो नाही. टॉपमध्ये सुरुवात, दुसऱ्या वळणाला सेकंड, तिथून वरपर्यंत सेकंडच. वेग फार नाही, एक टेम्पो पुढे गेला, पण एकदाही खोकली नाही. वर विठ्ठलाच्या मूर्तीपाशी लगेच बंद केली, दहा मिनिटांनी सेल्फ मारला. याच क्षणाची भीती होती. अर्ध्या फेरीत चालू. पंपाच्या वाटीत एकही बुडबुडा नाही. ५ आणि ६ चे प्लग आता बाकीच्यांसारखे, जरा फिकट. जेट एक नंबर वाढवावा का, नाना?

खर्च: फेसिंग, कडी, पॅकिंग, नळ्या मिळून ऑफेनहाऊजरच्या नुसत्या डब्याच्या भाड्याएवढा. ताईंनी कडीचे पैसे घेतले नाहीत, बाकरवडीवर तोडपाणी झालं.

नानापेठेतला

अजून दोनशे किलोमीटर चालवा, मग बघू. झडपेच्या दांडीला ऑइल लावू नका, जळून परत चिकटेल. ग्रॅफाइट लावा.

डबल_बॅरल

सगळं ठीक, पण नातेवाइकांनी तो ऑफेनहाऊजर आणला का?

दिवेघाट_४७

आणला. बायकोला अजून सांगितलं नाही, बेडखाली आहे. तुमच्याकडे २३५ आहे का?

डबल_बॅरल

व्यनि (खाजगी निरोप) केलाय.